लाल आकडे, हिरवे आकडे

गेल्या वर्षी माझ्या थोरल्या भावाची बायपास झाली. दादाला छातीत कधी दुखलं नव्हतं. कोरेगावच्या घरी जिना चढताना दम लागायचा, तेवढंच. साठीला टेकलेलं वय, शुगर जुनी, त्यामुळे सगळे म्हणायचे, वयाचं आहे. शेवटी वहिनीने हट्टाने पुण्याला नेलं. अँजिओग्राफीत तिन्ही रक्तवाहिन्यांत अडथळे निघाले. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की जुन्या मधुमेहात नसांना इजा होते, म्हणून हृदयाची कळ कधीकधी कळतच नाही. मग त्यांनी विचारलं, "भावंडं किती? कुणाला शुगर आहे?" दादाने माझं नाव सांगितलं.

मी एकोणपन्नास वर्षांची. साताऱ्यात एका कॉलेजच्या ऑफिसात आहे. माझी शुगर २०१६ साली निघाली. तेव्हापासून मेटफॉर्मिन चालू. तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे एचबीएवनसी, सातच्या आसपास असायची. डॉक्टर "छान आहे, असंच ठेवा" म्हणायचे आणि मी घरी यायचे. हृदयाचा विषय कधी निघालाच नाही. त्यात माझं वजन बावन्न किलो. काडीसारख्या बाईला कसला हार्टचा त्रास, असं ऑफिसातही म्हणायचे.

दादा घरी आला त्याच सुमाराला एका मैत्रिणीने पॅकेजची जाहिरात पाठवली. ऐंशीहून जास्त तपासण्या. हृदय, किडनी, लिव्हर, थायरॉइड, जीवनसत्त्वं, सगळं एकात आणि सवलतीत. पैसे भरले. सकाळी उजाडायच्या आत रक्त घेणारा मुलगा दारात हजर. "उपाशी आहात ना मॅडम?" एवढं विचारलं, दोन-तीन नळ्या भरल्या, लघवीची डबी घेतली आणि गेला. बाकी काही विचारलं नाही. ताप आहे का, कुठे दुखतंय का, कुठल्या गोळ्या चालू आहेत, काही नाही. खरं तर माझी मागची दाढ तेव्हा ठणकत होती आणि गाल सुजलेला दिसत होता.

संध्याकाळी मोबाइलवर रिपोर्ट आला. पानंच पानं. प्रत्येक तपासणीपुढे रंग. बरोबर असेल तर हिरवी खूण, नसेल तर लाल आकडा. माझ्या रिपोर्टात लाल भरपूर होतं. एचएस-सीआरपी ८.६, आणि त्याच्या शेजारी छापलेलं, हृदयविकाराचा धोका जास्त. होमोसिस्टीन २७, तेही लाल. बी-१२ कमी, डी कमी, हिमोग्लोबिन ९.८. एचबीएवनसी एकदम ७.९. ट्रायग्लिसराइड्स २३६, पण ते मी कित्येक वर्षं लालच बघत आले होते. एलडीएल ९८, त्यापुढे हिरवी खूण. लघवीत अल्ब्युमिन 'निल', तिथेही हिरवी खूण.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऑफिसात फोन. "मॅडम, तुमचा कार्डिअ‍ॅक रिस्क हाय दाखवतोय. आमच्या डॉक्टरांशी बोलून घ्या, आणि आमचं अ‍ॅडव्हान्स हार्ट पॅकेज आहे, त्यावर आज ऑफर आहे." मी फोन ठेवला, पण ते वाक्य डोक्यातून जाईना. रात्री छातीवर हात ठेवून ठोके मोजत पडले होते. यांना उठवलं नाही.

यात भर म्हणून नातेवाईक. कुणी म्हणालं, सरळ अँजिओग्राफी करून टाक, मन मोकळं होईल. कुणी लसणाचा रस सांगितला. वहिनी मात्र म्हणाली, आधी एखाद्या एम.डी. फिजिशियनला सगळे कागद दाखव. तिने साताऱ्यातलेच एक डॉक्टर सुचवले. आवाज बारीक, पण माणूस वेळ देणारा.

त्यांनी पानं उलटली आणि माझ्याकडे बघून पहिला प्रश्न विचारला, "ताई, दाढ दुखतेय का?" मी हो म्हटलं. मग म्हणाले, "मग हा सीआरपीचा आकडा तुमच्या दाढेचा आहे. हृदयाचा आहे की नाही ते आत्ता सांगता येणार नाही."

त्यांनी समजावलं ते असं. सीआरपी हे यकृतात तयार होणारं प्रथिन. शरीरात कुठेही दाह असला की ते वाढतं. सर्दी-ताप, दाढेतला पू, जखम, सांधेदुखी, काहीही. रक्तवाहिन्यांच्या भिंतीतही मधुमेहात बारीकसा दाह चालू असतो, तो पकडायला 'हाय सेन्सिटिव्हिटी' चाचणी काढली. एकच्या खाली धोका कमी, एक ते तीन मध्यम, तीनच्या वर जास्त. पण हे आकडे माणूस एरवी ठणठणीत असतानाच लागू पडतात. आजारपणात केली तर रिपोर्ट कागदावर बरोबर असतो, आणि कामाचा नसतो. ते म्हणाले, दाढेचं आधी बघा, नंतर पुन्हा करू.

रूट कॅनाल झालं. पुढच्या महिन्यात पुन्हा केलेली तपासणी १.९ आली. म्हणजे मध्यम. एका दाढेपायी मी रात्रभर ठोके मोजत बसले होते.

होमोसिस्टीनचंही तसंच. ते वाढण्याचं आपल्याकडचं नेहमीचं कारण म्हणजे बी-१२ कमी असणं. मी शाकाहारी, आणि वर इतकी वर्षं मेटफॉर्मिन, ज्याने बी-१२ आणखी घटतं. डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली. पण स्पष्ट सांगितलं, "हे तुमच्या नसांसाठी आणि रक्तासाठी. जीवनसत्त्वं देऊन होमोसिस्टीन खाली आणता येतं, पण त्याने हार्ट अटॅक कमी होतात का हे मोठ्या चाचण्यांत तपासून झालंय. होत नाहीत. त्यामुळे हा आकडा बघून घाबरायचं नाही आणि खाली आला म्हणून निर्धास्तही व्हायचं नाही." मेटफॉर्मिन घेणाऱ्या कुणीही अधूनमधून बी-१२ बघावं, एवढं मात्र सगळ्यांना सांगा, म्हणाले. मी सांगते.

एचबीएवनसीचं ७.९ हे कोडं होतं. घरचं ग्लुकोमीटर तर बरे आकडे दाखवत होतं. डॉक्टरांनी माझी वही मागितली. उपाशीपोटीचे आणि जेवणानंतरचे आकडे बघितले, मग हिमोग्लोबिनकडे बोट दाखवलं. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते आणि तेवढ्या काळात तिला साखर चिकटत जाते, तेच आपण मोजतो. लोह कमी असेल तर हा आकडा खोटा वाढलेला दिसू शकतो. माझी पाळी जायला आली होती आणि अंगावरून खूप जायचं. ते मी त्यांना विचारल्याशिवाय सांगितलं नसतं, शुगरशी त्याचा संबंध असेल असं वाटलंच नव्हतं. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. पुढच्या वेळी ७.१ आला, शुगरची गोळी न वाढवता.

इथपर्यंत सगळे लाल आकडे झाले. माझ्या मनात आलं, सुटले. तेव्हा डॉक्टरांनी पेन उचललं आणि हिरव्या खुणेच्या दोन आकड्यांभोवती गोल केला. एलडीएल ९८. लघवीत अल्ब्युमिन निल.

"हे दोन मला पटत नाहीत," म्हणाले.

एलडीएलचं कारण सोपं होतं. लॅबच्या कागदावर शेजारी जी मर्यादा छापलेली असते ती सरसकट सगळ्यांसाठी. मधुमेह असलेल्या माणसाची मर्यादा वेगळी. भारतातल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात जास्त धोका असलेल्यांसाठी एलडीएल ७०च्या खाली आणि अतिशय जास्त धोका असलेल्यांसाठी ५५च्या खाली ठेवायला सांगितलं आहे. माझ्या कागदावर १००च्या खाली म्हणून हिरवी खूण होती. ती खूण माझ्यासाठी नव्हतीच.

आणि दुसरी गोष्ट, मधुमेहात एलडीएलचा आकडा फसवतो. त्यांनी माझे आकडे कागदावर मांडले. एकूण कोलेस्टेरॉल १८२, एचडीएल ३७. एकातून दुसरं वजा केलं की १४५. याला नॉन-एचडीएल म्हणतात, म्हणजे सगळं वाईट कोलेस्टेरॉल मिळून. हे माझ्यासाठी १००च्या आत हवं होतं. यासाठी वेगळी तपासणी लागत नाही, पैसे लागत नाहीत, प्रत्येक लिपिड रिपोर्टात हे दोन आकडे असतातच. वजाबाकी घरी करता येते. त्या दिवशी घरी येऊन मी माझे जुने सगळे रिपोर्ट काढले आणि वजाबाक्या केल्या. १३८, १५१, १४४. एकदाही शंभराच्या आत नाही.

मग त्यांनी अपो-बी करायला सांगितलं. मला वाटलं, आणखी एक खर्च. मी विचारलं, याने काय वेगळं कळणार? ते म्हणाले, "खंबाटकी घाटात जॅम कशाने होतो? माल किती टन आहे त्याने नाही, गाड्या किती आहेत त्याने. एलडीएल म्हणजे माल. अपो-बी म्हणजे गाड्यांची मोजणी." वाईट कोलेस्टेरॉल वाहून नेणाऱ्या प्रत्येक कणावर अपो-बीचा एकच रेणू असतो, म्हणून अपो-बी मोजलं की कणांची संख्या कळते. मधुमेहात ट्रायग्लिसराइड्स जास्त आणि एचडीएल कमी असले की एलडीएलचे कण लहान होतात. प्रत्येकात माल थोडा, पण कण पुष्कळ. मालाचा आकडा बरा दिसतो, कण मात्र भिंतीत शिरत राहतात. माझं अपो-बी ११२ आलं. डॉक्टरांना ते ८०च्या खाली हवं होतं.

लघवीचं प्रकरण जरा लांबलं, आणि माझ्या मते या सगळ्यात तेच सगळ्यात कामाचं होतं. विषय रक्ताच्या तपासण्यांचा, आणि कामाला आली ती लघवीची डबी.

नेहमीच्या लघवीच्या तपासणीत पट्टी बुडवून अल्ब्युमिन बघतात. थोडं जात असेल तर पट्टीला दिसत नाही, 'निल' येतं. माझं वर्षानुवर्षं निल येत होतं. मधुमेहात जी तपासणी दरवर्षी करायची ती वेगळी. तिला अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो म्हणतात, लॅबमध्ये 'युरिन एसीआर' म्हटलं की कळतं. ऐंशीहून जास्त तपासण्यांच्या त्या पॅकेजमध्ये ही नव्हती. किंमत काही शे रुपये.

३०च्या खाली ठीक. ३० ते ३०० म्हणजे मूत्रपिंडाच्या गाळणीतून अल्ब्युमिन झिरपायला लागलं आहे. आणि गाळणी म्हणजे शेवटी बारीक रक्तवाहिन्यांचे गुच्छच. तिथलं अस्तर खराब होतंय म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्यांचंही होत असणार. म्हणून हा आकडा किडनीचा असला तरी हृदयाचा धोकाही लवकर दाखवतो. क्रिएटिनिन बिघडायच्या कितीतरी आधी. माझं क्रिएटिनिन अगदी ठीक होतं, त्यावरून काढलेलं ईजीएफआर ७८.

पहिल्या वेळी मी ऑफिसातून दुपारी लॅबमध्ये गेले आणि नमुना देऊन आले. आला ९२. डॉक्टर म्हणाले, यावर विश्वास ठेवू नका. त्या आठवड्यात मला लघवीला जळजळ होत होती, ती त्यांनी विचारून काढून घेतली. लघवीचा संसर्ग, ताप, पाळी, आदल्या दिवशी केलेला दमछाक करणारा व्यायाम, यातल्या कशानेही आकडा वाढतो. संसर्गाचं औषध पूर्ण करून पुन्हा द्यायचा, तोही सकाळी उठल्यावरच्या पहिल्या लघवीचा. आणि एकदा वाढला म्हणून निदान नाही. तीन ते सहा महिन्यांत तीनदा बघायचं, त्यात दोनदा जास्त आला तर खरा.

नंतरचे आकडे ४१ आणि ३८. म्हणजे खरा.

त्या दिवशी मी केबिनमध्ये रडले. आकडा तसा काही फार मोठा नव्हता. पण इतकी वर्षं "छान आहे" ऐकत आले होते. डॉक्टरांनी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि म्हणाले, "लवकर सापडलंय. आत्ता हे परत फिरवता येतं."

दादाच्या फाइलमधला एक कागदही मी नेला होता. लायपोप्रोटीन-ए. पुण्याच्या डॉक्टरांनी त्याचं केलं होतं आणि भावंडांचं करा म्हणाले होते. हा कोलेस्टेरॉलचाच एक प्रकार, पण जवळजवळ पूर्ण आनुवंशिक. खाण्यापिण्याने, चालण्याने फारसा हलत नाही. म्हणून आयुष्यात एकदा केला तरी पुरतो. माझा रिपोर्ट आला १६८. दादाचा होता ८४. माझा दुप्पट! मी वहिनीला फोन करून बसले. तिने शांतपणे विचारलं, "त्याच्यापुढे काय लिहिलंय बघ." दादाचा होता मिलिग्रॅममध्ये, माझा नॅनोमोलमध्ये. मिलिग्रॅमची मर्यादा ५०, नॅनोमोलची १२५. दोन्ही एकमेकांत सरळ गुणाकार करून बदलता येत नाहीत, कारण या कणाचा आकार माणसागणिक वेगळा. म्हणजे दोघांचाही जास्त, पण दुप्पट वगैरे काही नाही. घरात दोघांनी करायचा असेल तर एकाच लॅबमध्ये करा.

आमचे आबा एक्कावन्नाव्या वर्षी गेले. शेतातून आले, ओसरीवर टेकले आणि गेले. ऊन लागलं, असं सगळे म्हणाले. मी तेव्हा शाळेत होते. तो रिपोर्ट हातात धरून मला पहिल्यांदा वाटलं की ते ऊन नसावं. आता कळायला मार्ग नाही. आईला हे मी सांगितलेलं नाही.

लायपोप्रोटीन-ए कमी करणाऱ्या औषधांच्या चाचण्या चालू आहेत, पण आज हातात असलेला उपाय म्हणजे बाकीचं सगळं आणखी कडक ठेवायचं. हा आकडा आणि लघवीचा आकडा दोन्ही मिळून डॉक्टरांनी माझं एलडीएल ७० नाही, ५५च्या खाली आणायचं ठरवलं.

शेवटची तपासणी एनटी-प्रोबीएनपी. हृदयाच्या स्नायूंवर ताण आला की हा पदार्थ रक्तात वाढतो. मधुमेहींमध्ये हृदय अशक्त होणं लक्षणं दिसायच्या आधी पकडता यावं म्हणून २०२२ पासून अमेरिकेतल्या डायबेटिस संघटनेने ही किंवा ट्रोपोनिनची तपासणी वर्षातून एकदा करावी असं सुचवलं आहे. मर्यादा १२५. लठ्ठ माणसात आकडा कमी दिसू शकतो, वय झालेल्यांत आणि किडनीच्या आजारात जास्त. ही तपासणी महाग आहे. माझा आकडा ७४. ईसीजी आणि टू-डी इकोही ठीक. अँजिओग्राफीचं विचारलं तर म्हणाले, त्रास नसताना नळी घालायची नाही. लागणारी औषधं त्याशिवायही तीच राहणार आहेत.

रक्त द्यायला गेले तेव्हा लॅबमधल्या बाईंनी विचारलं, केसांच्या गोळ्या घेता का? मी घेत होते. त्यात बायोटिन असतं आणि भरपूर असेल तर थायरॉइड, ट्रोपोनिन असले काही रिपोर्ट चुकू शकतात. त्यांनी मला परत पाठवलं, दोन दिवस गोळ्या बंद ठेवून या म्हणाल्या. चिडचिड झाली, रजा टाकून गेले होते. पण पॅकेजवाल्याने हे विचारलं नव्हतं.

औषधं सुरू झाली. कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिनचं नाव ऐकल्यावर ऑफिसात सगळ्यांनी डोळे मोठे केले. लिव्हर जातं, स्नायू जातात, शुगर वाढते. मी हे सगळं जसंच्या तसं डॉक्टरांना विचारलं. त्यांनी सांगितलं, शुगर किंचित वाढू शकते, खरं आहे. स्नायू दुखतात काहींचे, तेही खरं. दुखले तर सांगा, बदलून देऊ. मग त्यांनी २००४ सालची एक ब्रिटिश-आयरिश चाचणी सांगितली. हृदयविकार नसलेले आणि एलडीएल फार जास्त नसलेले मधुमेही, अर्ध्यांना अ‍ॅटोरव्हास्टॅटिन १० मिलिग्रॅम, अर्ध्यांना औषध नसलेली नुसती गोळी. औषधवाल्यांत हृदयाचे मोठे झटके आणि पक्षाघात मिळून ३७ टक्क्यांनी कमी झाले. फायदा इतका स्पष्ट होता की चाचणी ठरल्यापेक्षा सुमारे दोन वर्षं आधी थांबवली. "तुम्ही त्या चाचणीतल्याच बाई आहात," म्हणाले.

माझ्या वजनाचा विषयही त्यांनीच काढला. मोबाइलवर एक फोटो दाखवला. शेजारी शेजारी दोन डॉक्टर, एक इंग्रज आणि दुसरे पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. याज्ञिक. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. पण इंग्रज डॉक्टरांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२. तो फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात आला होता. आपली माणसं काटक्या दिसतात आणि चरबी पोटात असते. त्यानंतर मला काडी म्हणणाऱ्या मैत्रिणीला मी टेप आणून कंबर मोजायला लावली. माझी आणि तिची, दोघींची.

स्टॅटिनबरोबर टेल्मिसार्टन, कारण रक्तदाब थोडा वर होता आणि ते गाळणीवरचा दाब कमी करतं. ते सुरू केल्यावर दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम बघायला लावलं. आणि डापाग्लिफ्लोझिन. ही गोळी साखर लघवीवाटे बाहेर टाकते, पण किडनी आणि हृदयाला तिचा वेगळा फायदा होतो. भारतात तिचं पेटंट संपलं आहे, त्यामुळे आता बऱ्याच कंपन्यांची मिळते आणि परवडते.

हिच्याबद्दल दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. एक, लघवीच्या जागी बुरशी होऊन खाज सुटू शकते. मला सुटली. बाया हे सांगायला लाजतात आणि गोळीच बंद करतात. साधं मलम पुरलं, आणि प्रत्येक वेळी पाण्याने धुऊन कोरडं ठेवायचं. दुसरं, उलट्या-जुलाब, ताप, किंवा कडक उपास असेल तेव्हा ती गोळी बंद ठेवायची, नाहीतर रक्तात आम्ल वाढण्याचा धोका असतो. मी नवरात्र उठता-बसता धरते, मधले दिवस नाही, तरी आधी डॉक्टरांना फोन करून विचारलं.

तीन महिन्यांनी लिपिड पुन्हा केलं. एलडीएल ५३, नॉन-एचडीएल ८६, अपो-बी ६९. ट्रायग्लिसराइड्स १६४, संध्याकाळचा फरसाण बंद केल्याचा त्यात वाटा असावा. एसीआर जरा हळू उतरला, पण या पावसाळ्यात २४ आला. लायपोप्रोटीन-ए तर फारसा हलत नाही, म्हणून तो पुन्हा करायचाच नाही.

आता माझ्या फाइलच्या पहिल्या पानावर एक तक्ता आहे. तारीख, आकडा, माझी मर्यादा, आणि त्या दिवशी तब्येत कशी होती. शेवटचा रकाना डॉक्टरांनी घालायला लावला. 'सर्दी होती', 'पाळी नुकतीच संपली', असं लिहायचं. एकच लॅब ठेवली आहे. दरवर्षी एसीआर, क्रिएटिनिन, लिपिड, बी-१२ आणि एनटी-प्रोबीएनपी. एचबीएवनसी तीन-चार महिन्यांनी. एचएस-सीआरपी आणि होमोसिस्टीन आम्ही सोडून दिलं. कुठलीही नवी तपासणी निघाली की मी विचारते, आकडा जास्त आला तर काय बदलणार? काही बदलणार नसेल तर डॉक्टर स्वतःच खोडतात.

ऑफिसातल्या शिपायांना मी एसीआरचं नाव चिठ्ठीवर लिहून दिलं. ते इन्सुलिन घेतात. लॅबच्या रांगेत उपाशी उभे राहून त्यांना एकदा घेरी आली होती. या चिठ्ठीत मी खाली लिहिलं, 'ही लघवीची तपासणी आहे, खाऊन जा.' त्यांचा आकडा ३०च्या आत आला.

दादाच्या मुलाचं लायपोप्रोटीन-ए केलं, नॉर्मल आलं. माझी मुलगी पुण्यात शिकते. तिचं राहिलंय. सुईचं नाव काढलं की ती विषय बदलते, आणि सकाळी चहाशिवाय राहायचं म्हटलं की फोनच ठेवते. दिवाळीला आली की नेणार आहे. या तपासणीला उपाशी राहावं लागत नाही, हे तिला आधीच कळवलंय.